रस्त्याकडची सरी

“मला मामींचं रान द्या,” जावई म्हणाले आणि माझ्या हातातलं अनारशांचं ताट तिरकं झालं. दोन अनारसे घरंगळत थेट पाटाखाली गेले.

धोंड्याचा महिना होता. आमच्या वैजूच्या लग्नानंतर आलेला पहिलाच अधिक महिना, म्हणून लेक-जावयाला बोलावून पाटावर बसवलं होतं. पुरणाचे धोंडे झाले होते, दिवा लावला होता, भावकीतली चार माणसं सोप्यात टेकून बसली होती. आणि भावकी बसली की आमच्या ह्यांच्या अंगात राजा संचारतो. “जावईबापू, लाजू नगा,” हे म्हणाले होते. “तांब्या म्हणा, ताट म्हणा, अंगठी म्हणा. धोंड्यात जावयाच्या तोंडातनं निघंल ते द्यायचं, ही आमच्या घरची रीत हाय.” आमच्या घरात असली रीत मी तरी कधी पाहिली नव्हती. ह्यांच्या बहिणीच्या नवऱ्याला एका धोंड्यात नुसता टॉवेल मिळाला होता.

वैजूनं मान खाली घातली. माझ्या मनात आलं, सोयरीक करताना घर बघितलं, नोकरी बघितली, पोराचा स्वभाव तेवढा बघायचा राहिला.

“रान?” हे म्हणाले. त्यांचा फेटासुद्धा जरा खाली बसल्यासारखा वाटला.

“कायमचं न्हाई, मामा,” निवासराव म्हणाले. “हळदीच्या एका हंगामापुरतं. त्यातलं पीक बी मला नको. फक्त मी सांगीन तसं त्या रानाला वागवायचं.”

निवासराव तालुक्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. त्यांच्या माघारी हे त्यांना ‘मातीवाला’ म्हणायचे. वरकरणी गरीब वाटणारा हा माणूस भर भावकीत सासऱ्याला असा कोंडीत पकडेल असं कुणाला वाटलं होतं!

आता माझं रान म्हणजे काय ते सांगते. माझ्या माहेरची आणि सासरची शीव लागून. लग्नात वडिलांनी शिवेवरचा एक तुकडा माझ्या नावानं केला. पोरीला चोळी-बांगडीसाठी कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून बाप असा तुकडा देतो, त्याला चोळी-बांगडीचं रान म्हणतात. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला गावचा रस्ता. नवी नवरी असताना माहेरची आठवण आली की मी तिथं जाऊन बसायचे. माती काळीभोर, चुरलेल्या भाकरीसारखी मोकळी. अनवाणी चाललं तर पाय घोट्यापर्यंत आत जायचा.

मग ह्यांनी तिथं ऊस केला. उसावर ऊस आणि त्यावर पुन्हा ऊस. युरियाची पोती ओतली, पाटानं मोकाट पाणी सोडलं. शेणखत घालायचं तेवढं राहिलं, कारण ते वाहायला अंग मोडतं. रान हळूहळू रुसलं. पाऊस पडला की पाणी वर साचून राहायचं आणि वाळलं की असली ढेकळं व्हायची की कुदळ मारली तर टणकन उडून परत यायची. शेवटी उसानंही तिथं वाढायचं सोडून दिलं.

त्या वर्षी ह्यांनी वीटभट्टीच्या दिनकरशेठला शब्द दिला होता. वरची माती उचलायची आणि विटा पाडायच्या. “न्हाईतरी विटाच झाल्यात त्या रानाच्या,” हे म्हणायचे. मला विचारलं होतं, म्हणजे सांगितलं होतं. कागदावर नाव माझं, पण कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली ह्यांच्या करदोट्याला. एकदा वरची माती गेली की मागं खड्डा उरतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातचं माझ्याकडं एवढंच उरलं होतं. मी रोज भांडत होते आणि रोज हरत होते. हे सगळं वैजूनं नवऱ्याच्या कानावर घातलं होतं, ते मला मागाहून कळलं.

“पाव्हणं,” भावकीतला एक म्हातारा मिशीत हसत म्हणाला, “धोंड्यात मागितल्यालं न्हाई म्हनता येत न्हाई. व्हय ना रंगाण्णा?” तो ह्यांच्याकडं वळला. “तुमच्या घरची रीत हाय.”

ह्यांनी एकदा दिव्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. “दिलं,” म्हणाले. “पर माझी बी एक अट. हळद काढंपर्यंत मुदत. तुमच्या करणीनं फरक पडला तर रान ऱ्हाईल. न्हाई पडला, तर माती दिनकरच्या भट्टीला. मग हिनं डोळ्याला पदर लावायचा न्हाई आन् तुमी तोंड घालायचं न्हाई.”

“मान्य,” निवासराव म्हणाले आणि पाटाखालचा अनारसा उचलून, फुंकर मारून खाल्ला. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

लावणीच्या आधी निवासराव मोटरसायकलवर मागं एक कॅन बांधून आले. कॅनमधलं औषध काळं कुळकुळीत. ह्यांनी झाकण काढून वास घेतला.

“डांबर आणलं व्हय?”

“ह्युमिक ॲसिड हाय, मामा.”

“ॲसिड? म्हंजी उरलंसुरलं बी जाळायचं?”

“नावालाच ॲसिड. पालापाचोळा, शेण, झाडंझुडपं कुजून कुजून शेवटी जे काळं सत्त्व उरतं, ते हे. मातीचे कण सुटे करतं, खत धरून ठेवतं, मुळीपाशी पोचवतं. पांढरी मुळी चांगली फुटते.”

“मग हे एकदा वतलं की झालं?”

“न्हाई मामा. ह्याच्या एकट्यात जादू न्हाई. आधी शेणखत पाहिजे. उपाशी माणसाला नुसतं लोणचं वाढून कसं चालंल? भाकरी शेणखताची, हे लोणचं.”

शेणखत सगळ्या रानात सारखं घातलं. वाहायला मजूर लावले आणि ह्यांनी कण्हत कण्हत देखरेख केली. मग निवासरावांनी रानाच्या बरोबर मध्ये एक खुंटी ठोकली. ओढ्याकडच्या अर्ध्या सऱ्यांना काळं औषध द्यायचं आणि रस्त्याकडच्या अर्ध्यांना नुसतं पाणी.

“का बरं?” मी विचारलं. “सगळ्यांनाच द्या की.”

“सगळ्यांना दिलं तर फरक कुणाशी लावून बघायचा, मामी? अर्ध्यांना न्हाई दिलं तरच कळणार. पैजंतला फरक ह्या दोन अर्ध्यांतच मोजायचा.” मग खुंटीवर दगड मारता मारता म्हणाले, “आणि अगदी रस्त्यालगतची सरी हिशोबात धरायची न्हाई. तिला धूळ लागते, शेरडं तोंड घालतात. कडंची सरी कायम खोटं बोलते.”

हे बांधावर उभे होते. कपाळाला आठी घालून म्हणाले, “म्हंजी ह्या सऱ्यांना द्यायचं आन् ह्यांनी नुसतं बघायचं?”

“असंच करतात, मामा. सगळीकडं.”

“करत असतील,” हे म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले.

त्या पावसाळ्यात मी जेवढी राबले तेवढी वैजूच्या लग्नातसुद्धा राबले नसेन. ठरल्या वेळी बादलीत औषध कालवायचं आणि तांब्यानं एकेका रोपाच्या बुडात ओतायचं. कॅन संपत आला तेव्हा निवासरावांनी घरचा उपाय सांगितला. परड्यात जुन्या शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, रचून ठेवलेली हुडवी होती. त्यातल्या सगळ्यांत जुन्या, हलक्या झालेल्या शेणी पिंपात भिजत घालायच्या, आठवडाभर मुरू द्यायच्या आणि गाळून घ्यायचं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. “कॅनमधल्याइतकं कडक नसतं,” निवासराव म्हणाले, “पण त्याच्याच भावकीतलं.” मग मी रानातल्या खोपीत पिंपच मांडलं.

ह्यांच्या तोंडाला तर उधाण आलं. मी रानातून आले की विचारायचे, “काय, पाजला का च्या लेकरांस्नी? बटर दिलं का बुडवून?” गावातही पसरवलं. बायका पाणवठ्यावर मला चहावाली म्हणू लागल्या. मीही वस्ताद. म्हटलं, दूध संपलंय म्हणून कोरा देते.

पिंपाचं तेवढं एक कोडं होतं. मी भरून झाकून यायचे आणि दोन दिवसांनी बघावं तर पाणी अर्ध्यावर. एकदा मी ह्यांना म्हटलं, “कुणाची म्हैस येऊन पिती काय हो पिंपातलं?”

“पीत असंल,” हे आभाळाकडं बघत म्हणाले. “मुक्या जनावराला काय कळतंय.”

“मग झाकण कसं परत लावती म्हैस?”

“शिकल्याली असंल,” म्हणाले आणि तडक उठून गोठ्यात गेले.

ह्यांच्याशी माझी दुसरी कटकट पायजम्यावरून चालली होती. त्या दिवसांत आमच्या दुसऱ्या रानातल्या उसाला पाणी पाजायची लाइट पहाटे यायची, म्हणून हे अंधारातच बाहेर पडायचे आणि उजाडता उजाडता परत यायचे. आले की पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापासून खाली काळपट डाग. साबण लावा, सोडा लावा, दगडावर आपटा, डाग म्हणून हलत नव्हते.

“काय लोळताय काय मोटरीवर?”

“ग्रीस लागतंय गं. मोटर म्हंजी काय देवघर हाय?”

“मग जुना पायजमा घालून जावा की.”

“पांढरं नेसल्याबिगर मला उसात गेल्यासारखं वाटत न्हाई,” हे म्हणाले.

गणपती झाल्यावर निवासराव पाहणीला आले, वैजूही आली. मी मोठ्या उत्साहानं त्यांना रानात नेलं. हळद कमरेएवढी झालेली. केळीसारखी रुंद पानं, हिरवा रंग असा गडद की डोळ्याला गार वाटावं. मी ओढ्याकडच्या सऱ्यांतून मिरवत निघाले. निवासरावांनी बुडातली माती उकरली, मुठीत दाबली आणि मूठ उघडली. माती सुटी झाली. त्यात एक गांडूळ वळवळलं. किती वर्षांनी त्या रानात मी गांडूळ बघत होते!

“मामी, रान वळलं,” ते हसून म्हणाले.

मग खुंटी ओलांडून ते रस्त्याकडच्या सऱ्यांत शिरले आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं. पानं तेवढीच रुंद, उंची तेवढीच. माती उकरली तर तीही सुटी. त्यांनी तिथं दाबून बघितलं, इथं दाबून बघितलं.

“मामी, इकडं चुकून दिलं न्हाई ना औषध?”

“न्हाई हो! वैजूची शपथ.”

“मग पाणी वाहून आलं असंल का?” ते बांधावर चढून उतार बघू लागले. उतार ओढ्याकडं होता. पाणी काही उलटं रस्त्याकडं चढून येणार नव्हतं. फक्त अगदी कडेची, रस्त्यालगतची सरी तेवढी खुरटी आणि पिवळी. पण ती खोटं बोलणारी सरी, तिच्याकडं कोण बघतो?

“नुसत्या शेणखतानंच झालं म्हणायचं हे,” निवासराव बारीक आवाजात म्हणाले. “औषधाचा फरक काय दिसत न्हाई.”

“पीक तर आलंय ना?” वैजू म्हणाली.

“पैज पिकाची न्हाई, फरकाची हाय.”

मी हळदीत उभी होते. जन्मात कधी आली नव्हती अशी हळद, आणि मी काढणीला उरलेले महिने बोटांवर मोजत होते. ह्यांना घरी येऊन सांगितलं तर ह्यांनी तोंडातली भाकरी चावायची थांबवली. मला वाटलं आता टाळी वाजवतील. पण हे ताटावरून अर्धवटच उठले. मी म्हटलं, जिंकल्याचा आनंद पचेना झालाय वाटतं.

माघात हळदीचा पाला वाळून पडला आणि काढणीचा दिवस आला. सकाळीच सगळे रानात जमलो. निवासराव ताणकाटा घेऊन आलेले, वैजू डबे घेऊन. ह्यांच्या बोलावण्यावरून दिनकरशेठही आले होते. दिनकरशेठ तसे भले गृहस्थ. पण दर खेपेला माझ्या मातीकडं बघायचे ते खाटीक बोकडाकडं बघतो तसं. त्या दिवशी त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली आणि जरा विचारात पडले.

ओढ्याकडची एक सरी खणली. कुदळ अशी आत गेली की खणणाऱ्या गड्याचा तोल गेला. गड्डे निघाले ते पिवळेधमक, हाताच्या पंजाएवढे, बोटांना बोटं फुटलेले. टोपलीत भरून काट्याला लावले. मग खुंटीपलीकडची एक सरी खणली. तेच गड्डे, तेच वजन. निवासरावांनी पुन्हा मोजलं आणि काटा खाली ठेवला.

“मामा,” ते म्हणाले, “हरलो. फरक न्हाई.”

दिनकरशेठ घसा खाकरून म्हणाले, “मग ठरल्यापरमानं पुढच्या आठवड्यात गाडी लावू, रंगाण्णा?”

अट होती डोळ्याला पदर लावायचा नाही म्हणून. नाही लावला. तोच पदर पसरला, खाली बसले आणि हातानं त्यात माती भरू लागले. पुन्हा मऊ झाली होती हो ती माती! मी नवी नवरी होते तेव्हासारखी. ज्या वर्षी ती परत आली त्याच वर्षी जाणार होती. निदान तुळशीच्या कुंडीपुरती तरी न्यावी, असं मनात आलं. वैजू “आई, ऊठ गं” म्हणत होती आणि मला उठवत नव्हतं.

“आरं थांबा!” हे एवढ्यानं ओरडले की ओढ्याकाठचे बगळे उडाले. “फरक दिसंल कसा? मी बी पाजलंय की इकडं!”

कुणालाच काही कळेना. ह्यांनी फेटा काढून हातात घेतला, परत डोक्यावर ठेवला.

“काय पाजलं?” मी विचारलं.

“तुझा च्या! त्यो काळा च्या! पहाटंचं उसाला पाणी सोडायचं आन् हिकडं येऊन पिंपातलं वतायचं. सगळा पावसाळा.”

“मामा!” निवासराव कपाळावर हात मारून खाली बसले. “अहो, ती अर्धी रिकामी ठेवायची होती!”

“कशी ठेवू रिकामी?” ह्यांचा आवाज चढला. “एका पंगतीत बसवायचं, आन् ह्या ओळीला वाढायचं, त्या ओळीनं बघत बसायचं? कुठली रीत ही? माझ्या बापाच्या तेराव्यालासुदिक मी वाढताना डावं-उजवं केलं न्हाई. पयल्या दिवशी आलो तवा नुसतं बघायला आलो हुतो. तर ती ओळ तिकडं खाऊन तरतरीत, आन् ही ओळ हिकडं माझ्याकडं बघत हुबी. ऱ्हावलं न्हाई. तांब्या घेतला.”

वैजू आधी हसली. मग गडी हसले, मग दिनकरशेठ. निवासरावांनी हसू दाबून सासऱ्याची लाज राखायचा प्रयत्न केला आणि मग तेही मातीत लोळायचे बाकी राहिले. मी मात्र पदरातली माती तशीच धरून ह्यांच्याकडं बघत होते. पायजमा डोळ्यापुढं आला. पिंपाचं झाकण लावणारी ती शिकलेली म्हैस आली.

“ग्रीस!” मी म्हणाले.

“मग काय सांगणार हुतो?” हे म्हणाले. “गावभर तुला च्यावाली केल्यालं. आता कोणत्या तोंडानं म्हनू, मी बी च्या पाजतोय?”

“पण रंगाण्णा,” दिनकरशेठ डोळे पुसत म्हणाले, “मग आता पैजंचं काय? फरक तर कुणाला कळंचना.”

तेवढ्यात निवासराव ताडकन उठले. “मामा, ती कडंची सरी? रस्त्यालगतची? तिला घातलं का?”

हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले.

“घातलं का न्हाई?”

“तिला कसं घालनार? दुधाची माणसं पहाटं त्या रस्त्यानं जात्यात. कुणी बघितलं असतं म्हंजी?”

निवासरावांनी स्वतः कुदळ घेतली आणि रस्त्यालगतच्या सरीत हाणली. टणकन आवाज आला. तोच जुना आवाज. दुसऱ्या घावाला ढेकूळ निघालं आणि त्याला चिकटून हळदीचा गड्डा, लहान मुलाच्या मुठीएवढा. शेणखत तिलाही तेवढंच मिळालं होतं, पाणी तेवढंच. निवासरावांनी तो गड्डा एका हातात आणि शेजारच्या सरीतला दुसऱ्या हातात घेतला आणि दोन्ही सगळ्यांपुढं धरले.

“कडंची सरी खोटं बोलती म्हनला हुता,” हे म्हणाले.

“थोडं बोलतेच, मामा. धुळीचं, शेरडांचं कमी करा की. तरी एवढा फरक धुळीनं पडत न्हाई.”

दिनकरशेठनी आणखी एकदा माती चिमटीत घेतली आणि हात झटकला. “मला न्हाई चालायची ही माती आता,” म्हणाले. “लई कुजवा झालाय हिच्यात. वीट भट्टीत तडकून उलंल. वहिनी, तुमची माती तुमालाच लखलाभ.”

मी पदर सोडला. माती होती तिथं परत पडली. आणि मी रडले. पैज जिंकलेल्या माणसाला रडायला बंदी नव्हती. हे जवळ आले. सगळ्यांच्या देखत कधी एक शब्द मऊ बोलले नव्हते. खाली बघतच म्हणाले, “तुझ्या बापानं सोन्यासारखं रान दिलं हुतं. मी त्याचा दगड केला. मला दिसत नव्हतं व्हय ते? रोज दिसायचं. म्हनून तर नजरंआड करायला निघालो हुतो.”

“आन् तुम्ही पैज जिंकला असता तर?” मी विचारलं.

“दिनकरला न्हाईच म्हननार हुतो. कसं म्हनायचं ते तेवढं सुचत नव्हतं. म्हनून हितंच बोलावलं, म्हटलं, आयत्या वेळी सुचंल कायतरी.”

चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला, रागावले, भांडले, हसले. पण त्या दिवशी हळदीनं पिवळ्या झालेल्या हातानं डोकं खाजवत उभ्या असलेल्या ह्या माणसावर माझा जेवढा जीव जडला तेवढा आधी कधी जडला नव्हता. ते मी तिथं बोलले नाही. बोलले असते तर हे भावकीत सांगत सुटले असते.

दुपारी तिथंच पंगत बसवली. दिनकरशेठलाही बसवलं, गड्यांनाही. मी वाढायला उठले. भाकरी, झुणका, ठेचा, दही. सगळ्यांना वाढत आले आणि ह्यांच्यापाशी आल्यावर ताट ओलांडून पुढं गेले. पुढच्याला वाढलं. परत फिरले, परत ओलांडलं. हे रिकाम्या ताटासमोर मान वर करून बसलेले.

“अगं?”

“तुम्ही हिशोबात न्हाई,” मी म्हणाले. “कडंची सरी.”

पंगत हसून हसून बेजार झाली. मग मी परत आले आणि ह्यांच्या ताटात दोन भाकऱ्या वाढल्या. वर जावयाच्या वाट्याचं दहीही ओतलं. निवासरावांनी तक्रार केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात हळद परत लावली. खुंटी काढून टाकली होती. एके दिवशी सकाळी, चांगलं ऊन आल्यावर, मी भाकरी घेऊन रानात निघाले तर लांबूनच हे दिसले. रस्त्यालगतच्या सरीत, हातात बादली, तांब्या, पांढरा पायजमा. दुधाचे कॅन अडकवून सायकलवाला चालला होता. त्यानं पाय टेकला आणि हाक मारली, “काय रंगाण्णा, च्या पाजताय?”

मी झाडाआड थांबले. म्हटलं, आता हे बादली लपवतात की काय.

“व्हय!” हे ओरडून म्हणाले. “ही ओळ मागं उपाशी ऱ्हायली हुती!”

त्या दिवशी मी पायजमा धुतला, पण डागावर साबण घासला नाही. पिळला, झटकला आणि एरवी परड्यात वाळत घालते तो मुद्दाम पुढच्या दारी घातला, रस्त्याकडच्या दोरीवर.